द्राक्षं काढल्याबिगर

अंथुर्ण्यात आबासाहेबांच्या अमेरिकेची गोष्ट ठाऊक नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. आणि ती गोष्ट सांगावी तर त्यांच्या बायकोनं, फुलाबाईंनीच. लग्नाच्या पंगतीत, डेअरीवर दूध घालताना, डाळिंबाच्या बागेत बायका दुपारच्या भाकरीला बसल्या की कुणीतरी नुसतं विचारायचा अवकाश, "काकी, त्या द्राक्षांचं काय झालं वो?" फुलाबाई हातातला घास खाली ठेवायच्या.

"काय व्हायचंय? आमच्या ह्यांनी अमेरिकेचं सरकार अंगावर घेतलं. कशापायी, तर दुसऱ्याच्या दारातल्या येलापायी!"

मग सगळं पहिल्यापासून. लेक राजेश्वरी आणि जावई विजयसिंह ओहायो नावाच्या मुलखात नोकरीला. त्यांनी आईबापांना बोलावून घेतलं. व्हिसा मिळाला चांगला दहा वर्षांचा, पण एका वेळी राहायचं ते सहाच महिने. विमानतळावरच्या साहेबानं पासपोर्टवर परतीची तारीख घालून दिली आणि वर बोटानं दाखवलीसुद्धा. आबासाहेबांनी मान डोलावली. पाटकरी पाण्याच्या पाळीची तारीख सांगतो तेव्हाही ते अशीच मान डोलावतात.

लेकीच्या घरामागं कुंपणापलीकडं डोरोथी नावाची एकटी म्हातारी राहायची. फुलाबाईंनी तिचं पहिल्याच दिवशी दुरपदा करून टाकलं. दुरपदाच्या अंगणात एक जुना द्राक्षवेल होता. तिचा नवरा गेल्यापासून त्याला कुणी कातरी लावली नव्हती, सगळा गुंता झालेला. आबासाहेबांनी तो खिडकीतून पाहिला आणि त्यांचा चहा गार झाला. आयुष्यभर द्राक्ष आणि डाळिंब करणारा माणूस. चौथ्या दिवशी ते कुंपणापलीकडं होते.

"असा छाटला, असा छाटला, की ती दुरपदा दारात उभी राहून रडाया लागली. तिला वाटलं, मारला येल. हे आपले हातानंच सांगत्यात, थांब बाई, फुटतोय. बरं, ह्यांना इंग्रजी येत न्हाय आन् तिला मराठी."

वेल फुटला. असा फुटला की दुरपदा दर आठवड्याला केक घेऊन यायला लागली. पण छाटणीच मुळात उशिरा झालेली, त्यामुळं माल उशिरा येणार, आणि परतीची तारीख तर त्याआधीच येऊन ठेपली. बॅगा भरल्या, जावयानं गाडी दारात लावली, आणि आबासाहेब कुठं, तर मांडवाखाली खुर्ची टाकून बसलेले.

"मनले, द्राक्षं काढल्याबिगर मी हलायचा न्हाय. जावई हात जोडतोय, पोरगी रडतीया. तर ह्यांचं काय सुरू? 'तारखेचं काय सांगता जावईबापू? पाटाला पानी सोडायची तारीख कधी तारखेला आली? कारखान्यानं दिलेल्या तारखेला कधी ऊसतोड झाली? सरकार कुठलंबी आसू द्या, तारीख पुढं सरकतीच.'"

इथं ऐकणाऱ्यांना हसू आवरायचं नाही, कारण आबासाहेब असंच बोलणार हे सगळ्यांना पटायचं. पुढं गोष्ट थोडीच उरायची. मुदतवाढीचा अर्ज तारखेच्या आत करायला हवा होता, तो करीपर्यंत तारीख निघून गेली. द्राक्षं उतरली ती दसऱ्यानंतर. दिवाळीच्या तोंडावर दोघं घरी आले, आणि मग कळलं की तारखेपेक्षा जास्त राहिल्यामुळं तो दहा वर्षांचा व्हिसा जागच्या जागी रद्द झाला. आबासाहेबांचाही आणि त्यांच्याबरोबर फुलाबाईंचाही.

"आन् द्राक्षं कशी हुती?" कुणीतरी विचारायचंच.

"आंबट ढॅण! आन् वर बिया."

आबासाहेब जवळ असले तर ऐकून घ्यायचे, मिशीतल्या मिशीत हसायचे आणि उठून बागेकडं जायचे. शेजारचा जोतीराम तर त्यांना रस्त्यात गाठून विचारायचा, "आबा, आमच्या बांधावर एक येल सुकलाय. बघता का? फकस्त व्हिसा लागंल." असं दोन वर्षं चाललं होतं, आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते यंदा आषाढात. सकाळी फुलाबाई गोठ्यातून धारा काढून आल्या तर सून अनिता फोन घेऊन दारातच उभी. पलीकडं राजेश्वरी. तिला दिवस गेले होते. डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं, फार चालायचं नाही, जिना चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही. इतक्या लांबचा प्रवास करून माहेरी येणं तर शक्यच नव्हतं. विजयसिंहची आई कधीच वारलेली. म्हणजे बाळंतपणाला बाई अशी कुणीच नाही.

"आई, तू येशील ना?" राजेश्वरीनं विचारलं.

"तर! येती की," फुलाबाई म्हणाल्या आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. फोन ठेवल्यावर त्या तशाच उंबऱ्यावर बसल्या. दूध मांजरानं प्यायलं तरी त्यांना कळलं नाही. काहीही करून बाळंतपणाच्या आत लेकीजवळ पोचायचं, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात त्या दिवसापासून घर करून बसला.

बारामतीत भिगवण रस्त्याला नागेशचं ऑफिस होतं. पासपोर्ट, व्हिसा, विमानाची तिकिटं, सगळं तोच करून द्यायचा. नात्यानं लांबचा पुतण्या, त्यामुळं चहा हक्कानं मिळायचा. त्यानं दोघांचे पासपोर्ट उघडून पाहिले आणि तोंड वाकडं केलं.

"आबा, हा व्हिसा मेला."

"मेला त्ये ठावं हाय, पर ह्यावर अजून कितीतरी वर्सं हायती की!" आबासाहेबांनी पानावर बोट आपटलं.

"कागदावर हायती. तुमी तारीख ओलांडली त्याच दिवशी तो गेला. आता नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत. आन् खिडकीवर पहिला सवाल हाच येनार, मागच्या येळी का राहिलात? तितं द्राक्षाचं सांगू नगा आबा, पाया पडतो. आजारी हुतो म्हना. डॉक्टरचं सर्टिफिकेट मी बघतो."

मग नागेश टेबलाच्या पलीकडं साहेब होऊन बसला आणि तालीम सुरू झाली.

"मागल्या वेळी जास्त का राहिलात?"

"आजारी हुतो."

"काय झालं होतं?"

"छातीत कळ आली." इथवर ठीक होतं. पण आबासाहेबांना एका वाक्यावर थांबायची सवय नाही. "कळ आली ती पार गुडघ्यात उतरली. मग चालताच येईना. आपरेशन केलं."

"गुडघ्याचं?"

"न्हाय, मोतीबिंदूचं."

नागेशनं कपाळाला हात लावला. फुलाबाईंना हसू आलं आणि पाठोपाठ राग आला. "खोटं बोलायचं तर निदान एकाच अवयवाचं बोलावं मानसानं," त्या म्हणाल्या. मग पासपोर्ट पिशवीत टाकून उठल्या. "नागेश, सर्टिफिकेट नगं. अर्ज तेवढा भर. आमी जे हाय ते खरं सांगू."

"काकू, खरं सांगून व्हिसा मिळंलच असं न्हाय."

"आन् खोटं पकडलं तर?"

"मग आयुष्यभर इसरायचं."

"झालं तर मग."

परतताना काटेवाडीच्या अलीकडं रसवंतीवर दोघं थांबली. चरकाचे घुंगरू वाजत होते. आबासाहेबांनी आल्याचा रस सांगितला, फुलाबाईंनी बिनबर्फाचा. पेला हातात आल्यावर त्या म्हणाल्या, "खिडकीवर एक अक्षर खोटं बोलायचं न्हाय. माजी शपथ हाय तुमास्नी."

"न्हाय बोलत. पर कोनचं खरं सांगू? गावाला सांगतीस ते, का दुसरं?"

फुलाबाईंनी पेला न पिताच बाकावर ठेवला.

कारण गावाला माहीत असलेल्या गोष्टीत एक खोट होती. वेल खरा, दुरपदा खरी, केक खरे, आंबट द्राक्षंही खरी. मांडवाखालची खुर्चीही खरी. फक्त त्या खुर्चीवर आबासाहेबांना बसवलं होतं फुलाबाईंनी.

त्या उन्हाळ्यात राजेश्वरीला पहिल्यांदा दिवस गेले होते आणि राहिले नव्हते. गावाकडं कुणाला आधी सांगितलंच नव्हतं, त्यामुळं नंतरही सांगायला काही उरलं नाही. पोरगी आठवड्यात कामाला लागली. फोनवर हसून बोलायची, नवऱ्याशी हसून बोलायची आणि न्हाणीघरात नळ सोडून बसायची. नळ कितीही मोठा सोडला तरी आईला पलीकडून ऐकू येतंच. ताटातलं ताटात राहायला लागलं. फुलाबाईंनी सगळं करून पाहिलं, पुरणपोळी केली, रागावल्या, देवाला बोलल्या. कशाचाच उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो त्या वेलाचा. एका संध्याकाळी राजेश्वरी बापाला हाक मारायला कुंपणापलीकडं गेली आणि तिथंच थांबली. आबासाहेबांनी तिला काही विचारलं नाही. हातात कातरी दिली आणि घडातले बारके मणी कसे काढायचे ते दाखवलं, जसं ती शाळेत असताना दाखवलं होतं. मग ती रोज जायला लागली. दुरपदाही यायची. तिघं तीन बाजूंनी घड विरळ करत बसायची. आत येऊन पोरगी हात धुवायची आणि पानावर बसायची. पहिल्यांदा अर्धी पोळी, मग एक.

आणि नेमकी तेव्हाच तारीख आली. "तुझ्यासाठी राहतो," असं म्हटलं असतं तर राजेश्वरीनं दोघांना स्वतः विमानात नेऊन बसवलं असतं. कायद्याची भीती तिला पुरेपूर होती आणि हट्ट बापाचा घेतलेला. म्हणून आदल्या दिवशी स्वयंपाकघरात फुलाबाईंनी नवऱ्याला गाठलं.

"उद्या तुमी हटून बसा. द्राक्षं काढल्याबिगर येत न्हाय मना."

"अगं, तारखेचं काय? आन् लोक यडा मनतील मला."

"मनू द्या. तसंबी मनत्यात."

आबासाहेबांनी बायकोच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी त्यांनी तो हट्ट इतका बेमालूम केला, पाटाचं पाणी आणि ऊसतोड स्वतःच्या पदरची घालून, की क्षणभर फुलाबाईंनाही वाटलं, हा माणूस खरंच द्राक्षांसाठी बसलाय. थोडाफार बसलाही असेल.

परत आल्यावर लोक विचारायला लागले. खरं कारण लेकीचं होतं, ते सांगायचं नव्हतं. द्राक्षांचं सांगितलं, तर लोक हसले. लोक हसले म्हणून फुलाबाईंनी पुढच्या वेळी आणखी थोडं सांगितलं. असं करता करता गोष्ट रंगली, आणि सांगताना आपण कुणाला झाकतोय आणि कुणाला उघडं पाडतोय याचं भानही राहीनासं झालं. आबासाहेबांनी एकदाही हूं की चूं केलं नव्हतं. रसवंतीवर बसून फुलाबाईंना हे सगळं आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

"पोरीचं काय बोलू नगा," त्या शेवटी म्हणाल्या. "ते तिचं तिच्यापाशी. द्राक्षाचं सांगा. पर राहायचं दोघांनी ठरवलं, असं मना. माज्यावर आलं तर येऊ द्या. शपथ घातलीया, ध्यानात हाय न्हवं?"

"हाय की," आबासाहेब म्हणाले आणि रसाचा पेला रिकामा केला.

मुलाखतीची तारीख नशिबानं लवकर मिळाली. मुंबईला थोरला मुलगा अविराज गाडी घेऊन आला, पण आत दोघांनाच सोडलं. खिडकीपलीकडं एक तरुण बाई होती, शेजारी मराठी सांगणारा माणूस. कागदांवरून नजर फिरवून बाईनं तोच प्रश्न विचारला.

आबासाहेबांनी घसा साफ केला आणि वेलाची गोष्ट सांगितली. अगदी खरी. छाटणी उशिरा झाली हे सांगितलं, माल का लांबला हे सांगितलं. मराठी सांगणारा माणूस मधेच हसला, तेव्हा बाईनं त्याच्याकडं बघितलं. मग तिनं विचारलं, या कामाचे पैसे मिळाले का?

"छ्या! पैसं कसलं? केक द्यायची ती बाई. तो मातुर खायाचो. शनवार सोडून."

हे इंग्रजीत कसं गेलं कोण जाणे, पण बाईच्या ओठाची कड हलली. तिनं टाइप करायचं थांबून फुलाबाईंकडं पाहिलं. तुम्हाला तारीख माहीत होती का?

फुलाबाईंनी तोंड उघडलं. त्याच्या आत आबासाहेब बोलून मोकळे झाले.

"तिला काय म्हाईत न्हाय, मॅडम. पासपोर्ट माज्या पिशवीत. ती बिचारी रोज मनायची चला, चला. मीच आडमुठा. तिचा ह्यात काडीचा संबंध न्हाय."

फुलाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. आपण शपथ घातली होती. आता तोंड उघडून हे खोटं आहे म्हणावं, तर दोघंही जातील, आणि तिकडं पोरगी एकटी. गप्प राहावं, तर सगळं ह्या माणसाच्या एकट्याच्या डोक्यावर. उत्तर द्यायला वेळ होता तो दोन श्वासांचा. त्या दोन श्वासांत फुलाबाई गप्प राहिल्या, आणि हे गप्प राहणं त्यांना पुढं फार दिवस टोचणार होतं.

बाईनं फुलाबाईंचा पासपोर्ट व्हिसा लावायला ठेवून घेतला. आबासाहेबांचा परत दिला, बरोबर एक चिठ्ठी दिली. यावेळी व्हिसा देता येत नाही, असं त्या माणसानं समजावून सांगितलं. आबासाहेबांनी चिठ्ठीची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि दोघांना नमस्कार करून ते बाहेर पडले.

गाडी घाट चढून वर आली. अविराजनं डिझेल भरायला गाडी थांबवली आणि तो खाली उतरला, तेव्हा फुलाबाई उसळल्या.

"शपथ मोडलीत तुमी माजी."

"कुठं मोडली? खरंच बोललो. रोज मनायचीस की, चला. बाजारात चला, फिराया चला."

"चेष्टा करू नगा. तुमालाबी दिला असता त्यांनी."

"आन् दोघांलाबी न्हाय दिला असता तर?" आबासाहेबांचा आवाज उतरला. "बाळंतपन मला थोडंच करायचं हाय? मी जाऊन काय करनार, तर बसनार. ते हितंबी बसता येतंय. आन् हे बघ, पोरीला ह्यातलं एक अक्षर सांगू नगंस. आपल्यापायी बापाला येता आलं न्हाय, हे तिनं ह्या दिसांत मनाला लावून घेऊ नये."

फुलाबाईंनी खिडकीबाहेर तोंड केलं. चाळीस-एक वर्षांच्या संसारात ह्या माणसाला आपण किती वेळा वेंधळा म्हटलं असेल, याचा त्यांना हिशेब लागेना.

संध्याकाळी राजेश्वरीचा फोन आला. आई येणार म्हणून ती रडली आणि आबा येणार नाहीत म्हणून बापावर घसरली. "बघा आबा, काय केलं त्या द्राक्षांनी! तेव्हा किती सांगत होते मी तुम्हाला. ऐकता का कधी कुणाचं?"

"चुकलं बाई," आबासाहेब म्हणाले. "दुरपदाला सांग, यंदा छाटणी टायमावर कर."

फोन लाउडस्पीकरवर होता. अनिता हसली, अविराज हसला. फुलाबाई उठून चुलीपाशी गेल्या आणि उगीचच जाळ पुढं सारत बसल्या.

पासपोर्ट आला, तिकीट आलं. डिंकाचे लाडू झाले, अळीव आणि बाळंतशेपा बांधून झाल्या. एकटीनं विमान बदलायचं म्हणून नागेशनं चाकाची खुर्ची सांगून ठेवली, आणि फुलाबाईंनी त्याला फोनवर झापलं. आपण चालत-बोलत्या बाईनं खुर्चीत बसून काय जायचं? तुळशीचं लग्न लागलं आणि निघायचा दिवस उजाडला. दारात गाडी उभी राहिली. निरोपाला निम्मी आळी जमली. कुशाबाईनं ओटी भरली. कुशाबाईचा नवरा जोतीराम अशा संधीची वाटच बघत होता.

"आबा, वैनी निघाल्या अमेरिकेला आन् तुमी हितं! एका येलापायी मानूस बायकोला मुकला की वो!"

सगळे हसले. आबासाहेबही हसले. हातातली बॅग डिकीत ठेवायला ते वाकले होते, त्यांचा सदरा पाठीवर उसवलेला होता आणि तो शिवायचा राहून गेल्याचं फुलाबाईंना तेव्हा दिसलं.

"जोतीरामभावजी," त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "ते न्हवते बसले. मी बसवलं हुतं त्यास्नी. राहायचं मला हुतं. तारीख मला पाठ हुती. त्यांचा ह्यात काय दोष न्हाय."

सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या. मग जोतीराम पोट धरून हसायला लागला.

"वैनी, वैनी! निघताना नवऱ्याची बाजू घ्यावी, पर इतकी?"

"आवो, खरं सांगतीया मी!"

"तर! पाटाच्या पान्याचं बी तुमीच बोलला असाल. आन् ऊसतोडीचं?"

"काकी, तुमीच तर सांगितलंया समदं," मागून एक पोरगी म्हणाली. "कसं खुर्ची टाकून बसले ते. मला अजून डोळ्यांपुढं दिसतंय."

फुलाबाईंनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. सगळी माणसं प्रेमानं हसत होती आणि एकाचाही विश्वास बसत नव्हता. का राहायचं होतं ते सांगता आलं असतं, तर कदाचित बसला असता. ते तर सांगायचं नव्हतं. दोन वर्षं त्यांनी ती गोष्ट इतकी झकास सांगितली होती की आता ती त्यांच्यानंही पुसली जाईना. कुशाबाई तर डोळे पुसत म्हणाली, "बाई, असावी तर अशी. नवऱ्याचा नाकर्तेपना सुदीक आपल्या अंगावर घेतीया." ते ऐकून फुलाबाईंना रडावं की हसावं कळेना. त्या गाडीत जाऊन बसल्या.

आबासाहेब खिडकीपाशी आले. त्यांनी खिडकीच्या कडेवर दोन्ही हात टेकले आणि आत डोकं घातलं.

"झालं समाधान?" ते हळूच म्हणाले. "आता इमान सुटंस्तवर खरं बोलू नगंस. कुनी आयकलं, तर तुजाबी काढून घेतील."

फुलाबाई रडतच हसल्या. मग सगळ्या आळीदेखत, आजवर चारचौघांत कधी धरला नव्हता तो हात त्यांनी धरला आणि अविराजनं गाडी सुरू केली तरी सोडला नाही. जोतीराम काहीतरी बोलणार होता. कुशाबाईनं त्याला कोपरानं ढोसलं.